म्हैसूरचा ऑक्सिजन

मिरजेहून गाडीत बसताना माझ्याजवळ तीन गोष्टी होत्या: सुधाचा लॅपटॉप, सुधाची वही आणि सुधाचं चुकलेलं असावं ही इच्छा. चौतीस वर्षांच्या संसारात ती बाई एकदा तरी चुकावी असं मला पुष्कळदा वाटलं होतं आणि बहुतेक वेळा माझी निराशाच झाली होती. या वेळी मात्र मी रात्रभर बर्थवर पडून मनापासून तेच मागत होतो. कशाबद्दल चुकावी, ते पुढे येईलच.

लोक म्हैसूरला दसरा बघायला जातात. मीही ऐन दसऱ्यात गेलो. पण हत्ती, मिरवणूक, राजवाड्याची रोषणाई यांबद्दल वाचायला मिळेल म्हणून कुणी हे वाचायला घेतलं असेल, तर त्याने आताच ठेवून द्यावं. मी त्या शहरात पाच दिवस होतो आणि त्यातला बराचसा वेळ एका मागच्या खोलीत, एका काळ्यापांढऱ्या चित्रासमोर बसून काढला.

सुधा माझी बायको. कराडच्या कॉलेजात तिने रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गच्चीवर दुर्बीण मांडली. गेल्या मार्गशीर्षात ती गेली. मी शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळे माझा संबंध जमिनीशी. तिचं आकाशाचं काम मला दुरूनच ठाऊक होतं, पण इतकं ठाऊक होतं: शहराच्या दिव्यांतून आकाशातल्या तेजोमेघांचे फोटो काढायचे तर कॅमेऱ्यापुढे एक लहान गोल काच लावतात. ती उजेडाची एकच बारीक पट्टी आत सोडते आणि बाकी सगळा उजेड अडवते. एक काच हायड्रोजनची, एक गंधकाची, एक ऑक्सिजनची. प्रत्येकीतून तासन्‌तास फोटो काढायचे, ते एकावर एक रचायचे, आणि हातात तीन काळेपांढरे फोटो येतात. मग त्यांना रंग नेमून द्यायचे. गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. तिन्ही एकत्र केले की रंगीत चित्र उभं राहतं.

मी एकदा तिला विचारलं होतं, की हायड्रोजनचा उजेड मुळात लाल, त्याला तू हिरवा करतेस, ही लबाडी नाही का? ती म्हणाली, गंधकही लालच आहे. दोघी जावा एकाच रंगाची साडी नेसून आल्या तर पाहुण्याने ओळखायचं कुणाला कसं?

मृग नक्षत्राच्या पूर्वेला फुलाच्या आकाराचा एक तेजोमेघ आहे. त्याचं चित्र दोन गावांनी मिळून करायचं असं सुधा आणि म्हैसूरचे नागोजीराव यांनी ठरवलं होतं. हौशी आकाशवाल्यांच्या एका शिबिरात त्यांची ओळख झाली होती. हायड्रोजन आणि गंधक कराडहून, ऑक्सिजन म्हैसूरहून. ऑक्सिजन फार फिका असतो, त्याला चंद्र नसलेल्या पुष्कळ रात्री द्याव्या लागतात, आणि नागोजीरावांइतका चिवट माणूस सुधाच्या बघण्यात दुसरा नव्हता. सगळं जमलं की तिने म्हैसूरला जायचं आणि त्यांच्या समोर बसून तिन्ही एकत्र करायचे, असं कबूल झालं होतं. ती जाऊ शकली नाही, म्हणून मी गेलो. वर्षभर तिच्या वहीवरून मी ते काम शिकलो होतो. ते चित्र पुरं करणं ही एकच गोष्ट तिच्यासाठी करायची शिल्लक राहिली होती.

सरस्वतीपुरम

स्टेशनवर नागोजीराव स्कूटर घेऊन आले होते. अडुसष्ट वर्षांचा काटक माणूस, पांढऱ्या मिशा, खिशाला दोन पेनं आणि एक बारीक स्क्रूड्रायव्हर. उपकरणं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. "बन्नी सर, बन्नी, या. सामान एवढंच काय?" म्हणत त्यांनी लॅपटॉपची पिशवी माझ्या हातून घेतली आणि स्कूटरवर मला मांडीवर धरायला न देता स्वतःच्या गळ्यात अडकवली.

त्यांचे पूर्वज कधीकाळी सैन्यातून इकडे आले आणि राहिले. किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठी बोलतात. त्या मराठीत निम्मं कन्नड असतं, पण पहिल्या तासाभरात कान सरावतो. वाचायचं मात्र सगळं कन्नडमध्ये. मराठी अक्षरं येतात का, असं मी विचारलं तर हसून म्हणाले, सुटी अक्षरं लावता येतात, कोल्हापूरला देवीला गेलो की पाट्या वाचतो, पण जोडाक्षर आलं, एकाच्या खांद्यावर दुसरं अक्षर बसलं, की संपलं.

घर बैठं, पुढे पारिजातक, वर गच्ची. गच्चीवर पत्र्याच्या झाकणाखाली दुर्बीण. मी वर गेलो तेव्हा झाकणाच्याही आधी डोळ्यांत भरली ती शेजारची इमारत, पाच मजल्यांची, सगळं पूर्वेकडचं आकाश खाऊन उभी. ती या उन्हाळ्यात पुरी झाली होती. आणि आता नागोजीरावांचं घरही त्याच बिल्डरला दिलेलं होतं. मुलगा बंगळूरला असतो. दिवाळी झाली की दोघं नवराबायको त्याच्याकडे राहायला जाणार होते. तिथे गॅलरी आहे, पण पश्चिमेला, आणि समोर दुसरी गॅलरी. दुर्बीण एका शाळेला द्यायचं कबूल करून झालं होतं. म्हणजे या गच्चीवरून यापुढे काहीच टिपलं जाणार नव्हतं. जे दोन हिवाळे टिपलं तेवढंच.

रेणुकाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, हॉलमध्ये बाहुल्यांच्या पायऱ्या मांडून बसल्या होत्या. आमच्याकडे नवरात्रात घट बसतात, इकडे बाहुल्या बसतात: राजा, राणी, शिपाई, वाणी, क्रिकेटची टीमसुद्धा. मला बघून त्या उठल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या हातात हिरवा खण घेऊन. सुधा येणार म्हणून दोन वर्षांपूर्वी ओटीसाठी घेऊन ठेवला होता. आता त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं आणि मलाही. त्यांनी तो परत कपाटात ठेवला.

रात्री जेवायला नाचणीचे मुद्दे आणि कुळथाचं सारू होतं. मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा वाफाळता गोळा. तोडायचा, सारूत बुडवायचा आणि गिळायचा. चावायचा नाही. आम्ही भाकरी चावून खाणारी माणसं. मी जन्माच्या सवयीने चावला आणि माझे वरचे दात खालच्या दातांना चिकटून बसले. रेणुकाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या घरात मी मोकळेपणाने हसलो तो तेवढाच वेळ.

मागची खोली

सकाळी कॉफी झाल्यावर नागोजीरावांनी त्यांची हार्ड डिस्क आणून टेबलावर ठेवली. तिच्यावर कुंकवाचं बोट होतं. दोन हिवाळ्यांचा ऑक्सिजन तिच्यात होता. पहिल्या हिवाळ्यातल्या सतरा रात्री आणि दुसऱ्या हिवाळ्यातल्या एकेचाळीस. दुसऱ्या वर्षी इतक्या का, तर सुधा गेल्याचं कळल्यावर त्यांनी एकही स्वच्छ रात्र सोडली नव्हती. ऑक्सिजन खूप ब्राइट आलाय, असं त्यांनी मला अभिमानाने सांगितलं. इतका ब्राइट, की कुणाचा विश्वास बसणार नाही.

मी सुधाची वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तिला हात जोडले आणि म्हणाले, तुम्हीच वाचा सर, वहिनींचं अक्षर मला कुठलं लागायला. मी वाचत गेलो. आधी नागोजीरावांचे फोटो आपल्या फोटोंवर ताऱ्यावर तारा ठेवून बसवणे. मग तिघांचा उजेड सारखा करणे. ऑक्सिजन फिका असतो, त्याला घाई न करता हळूहळू वर आणणे. तिन्ही रंग देण्यापूर्वी दोघांचीच परीक्षा घेणे: हायड्रोजनला लाल, ऑक्सिजनला हिरवा आणि निळा दोन्ही. फुलाच्या मध्यभागी निळसर दिसलंच पाहिजे, तिथे ऑक्सिजन जास्त आहे. शंका आली तर ऑक्सिजनमधून हायड्रोजन वजा करून बघणे. उरेल तो निव्वळ ऑक्सिजन.

मी पान उलटलं. शेवटच्या पानावर थरथरत्या अक्षरात तीन ओळी होत्या. मी वही मिटली.

"तेवढंच काय?" नागोजीरावांनी विचारलं.

"तेवढंच," मी म्हणालो.

त्या तीन ओळी मला पाठ आहेत. "म्हैसूरचा ऑक्सिजन हायड्रोजन वाटतो. काचांची अदलाबदल झाली असावी. यांना फोन करायला सांगितलंय."

यांना, म्हणजे मला. पहिल्या हिवाळ्यानंतर नागोजीरावांनी एक नमुना पाठवला होता. सुधाने तो पुढच्या भाद्रपदात हॉस्पिटलमध्ये, पलंगावर उशीला टेकून, लॅपटॉपवर उघडला आणि बराच वेळ बघत राहिली. मग मला जवळ बोलावलं. तिला बोलताना धाप लागायची. ती म्हणाली, त्यांना फोन करा, काचा तपासायला सांगा, हिवाळा सुरू व्हायच्या आत. लिहून पाठवू नका, फोनवर नीट बोला, त्यांना वाईट वाटेल. मी हो म्हणालो. त्या दिवशी रिपोर्ट आणायचे होते. दुसऱ्या दिवशी आणखी काही होतं. तिने दोनदा विचारलं, केला का फोन, आणि दुसऱ्यांदा मी केला असं सांगितलं. तिला बरं वाटावं म्हणून. मग ती गेली, आणि बाराव्या दिवशी नागोजीरावांचाच फोन आला, की मी वहिनींसाठी रोज रात्री बसतोय. त्या माणसाला मी काय सांगायला हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मी त्यांचे आभार मानले.

म्हणून मी गाडीत बसून बायकोच्या चुकीसाठी प्रार्थना करत होतो.

ताऱ्यावर तारा बसवायला दुपार झाली. मग आम्ही दोघांची परीक्षा घेतली. हायड्रोजनला लाल दिलं, नागोजीरावांच्या ऑक्सिजनला हिरवं आणि निळं दिलं, आणि मी बटण दाबलं. पडद्यावर फूल उमटलं. राखाडी. चुलीतली राख असते तसं, कडेपासून मध्यापर्यंत एकसारखं राखाडी. दोन्ही फोटोंत जरा जरी फरक असता, तर कुठेतरी लालसर किंवा निळसर झाक आली असती. रंग हा फरकातूनच येतो हे मी वर्षभर वहीत वाचत होतो, त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

नागोजीराव खुर्ची पुढे ओढून बसले. काही चुकलं असेल, परत करा म्हणाले. मी परत केलं. मग वजाबाकी केली. ऑक्सिजन वजा हायड्रोजन. पडदा काळा झाला. उजेड कितीही वाढवला तरी नुसता कणाकणांचा चोथा दिसत होता, फूल कुठेच नव्हतं.

"काही नाही की हो," ते हळू म्हणाले.

अठ्ठावन्न रात्री होत्या त्या. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी एक वेडेपणा केला. आजकाल एक प्रोग्राम मिळतो, तो नसलेल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधून तो तयार करून देतो. तो मी चालवला. दोन मिनिटांत फुलाच्या मध्यभागी मोरपिशी निळा रंग भरला, कडा सोनेरी झाल्या. सुंदर चित्र होतं, दिवाणखान्यात लावण्यासारखं. नागोजीराव ते बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, हा निळा कुणाचा? मी म्हणालो, कुणाचाच नाही, मशीनने केलाय. ते म्हणाले, काढा.

ऑक्सिजन दुसरीकडून आणता आला असता, असं कुणी म्हणेल. आला असता. जगभरातले लोक आपले फोटो नेटवर ठेवतात, मागितले तर पाठवतातही. पण सुधाला कुणाच्याही गच्चीवरचा उजेड नको होता. दोन गावांचं चित्र करायचं होतं तिला, आणि त्यातलं एक गाव आता राहिलं नव्हतं.

रेणुकाबाई कॉफी घेऊन आल्या आणि दारातूनच विचारलं, "रंग आला काय?" नागोजीराव म्हणाले, "येतोय की. अजून स्वल्प काम हाय." त्यांनी पडद्यापुढे स्वतःची पाठ केली होती. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं, आणि ते खोटं पचलंही, कारण आदल्या रात्रीचे मुद्दे साक्षीला होते.

नवमी

खंडेनवमीला आमच्याकडेही हत्यारांची पूजा होते. कोयता, विळी, पुस्तकं, गाडीला झेंडूची माळ, की झालं. नागोजीरावांकडची आयुधपूजा निराळीच. घराण्यात एक जुनी तलवार आहे. ती पाटावर मध्ये, आणि तिच्या दोन्ही बाजूंना घरातलं प्रत्येक हत्यार धुऊन पुसून, उघडं करून मांडलेलं: करवत, पाने, शिलाई मशीन, मिक्सरचं पातं, चष्मासुद्धा. डब्यात किंवा म्यानात ठेवलेलं चालत नाही. बंद ठेवलेल्याला पूजा पोचत नाही, असं रेणुकाबाई म्हणाल्या. सासूकडून त्यांना तसंच मिळालेलं होतं.

दुर्बीण त्यांनी आठ वाजताच वरून आणवली होती. मग त्यांनी नागोजीरावांचाच बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन, सफाईने, कॅमेऱ्यापुढचं गोल चक्र उघडलं आणि तीन काचा बाहेर काढल्या. मी दारात उभा होतो. तिन्ही काचा आरशासारख्या चकचकीत, वरवर बघता एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. पाटावर विड्याची तीन पानं होती. एकेक काच मऊ फडक्याने पुसून त्यांनी एकेका पानावर ठेवली.

मला बघून त्या कौतुकाने सांगू लागल्या. पहिल्या वर्षी काचांच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं, ते पुसताना गेलं. त्यानंतर मात्र त्या फार जपतात. जशा काढल्या तशाच क्रमाने पानांवर आणि तशाच परत. तेव्हापासून एकदाही इकडची तिकडे होऊ दिली नाही. "यांचं काम नाजूक असते, नाही का. मी हुषारीने करते," त्या म्हणाल्या.

नागोजीराव माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी वाकून तिसऱ्या पानावरची काच उचलली. चक्रातली तिसरी खाच ऑक्सिजनची. खिडकीतल्या उन्हासमोर त्यांनी ती धरली, बघितलं आणि माझ्या हातात दिली. मी तिच्यातून बघितलं. गडद लाल. मग त्यांनी दुसऱ्या पानावरची उचलली. ती हायड्रोजनची खाच, कराडने हायड्रोजन घेतला म्हणून त्यांनी दोन वर्षं न वापरलेली. तिच्यातून पारिजातक हिरवानिळा दिसत होता.

ऑक्सिजनची काच दोन हिवाळे त्याच चक्रात, शेजारच्याच खाचेत, अंधारात बसून होती. फोनवर सांगायचं होतं ते इतकंच: काचा काढा, उन्हासमोर धरा. पाच मिनिटांचं काम.

नागोजीरावांनी दोन्ही काचा जिथल्या तिथे पानांवर ठेवल्या आणि पूजेला बसले. हळद, कुंकू, फुलं, सगळं रीतसर केलं. आरती झाली, स्कूटरपुढे कुंकू घातलेला कोहळा फोडला. रेणुकाबाईंनी मला चुरमुरे आणि खोबरं दिलं. मग ते मला मागच्या खोलीत घेऊन गेले आणि दार लावलं.

"रेणुकाला बोलू नका सर. पूजेनं झालं म्हणून ती जन्मभर मनाला लावून घेईल."

मी नाही बोलणार म्हणालो.

"मी तपासलो नाही. चूक माझी. एवढा ब्राइट ऑक्सिजन असतो काय कुठं? मीच मूर्ख, खूश झालो." ते खाली बघत होते. "सुधावहिनी बऱ्या असत्या तर एका नजरेत पकडल्या असत्या."

वही आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर होती. उघडून शेवटचं पान वाचायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी पंख्याचा वेग वाढवला. उकडतंय म्हणालो.

कृष्णराजनगर

विजयादशमीला शहरातले रस्ते बंद. आख्खं म्हैसूर राजवाड्याच्या बाजूला लोटलं, तेव्हा आम्ही उलट्या दिशेच्या बसने कृष्णराजनगरला गेलो, नागोजीरावांच्या चुलतभावाकडे. बस रिकामी होती. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, ती सुद्धा कशी, पाण्याने काठोकाठ आणि हिरवीगार. आमच्या कृष्णाकाठी ऊस उंच होऊन नदी झाकून टाकतो. इथे कावेरी लांबूनच दिसत राहते. एरवी मी असल्या मुलखावर चार पानं लिहिली असती. त्या दिवशी मला तो सगळा हिरवा रंग अंगावर आला.

जेवण केळीच्या पानावर झालं. चुलतभावाने भात वाढता वाढता नागोजीरावांना विचारलं, की ते आकाशाचं चित्र कधी दाखवणार? यांनी सांगितलं, यंदा ढग फार होते. किती सहज सांगितलं. माझ्याकडून शिकले म्हणावं तर माझं खोटं त्यांना ठाऊकच नव्हतं.

दुपारी आम्ही दोघं नदीवर जाऊन बसलो. तिथे सोनं म्हणून आपट्याऐवजी शमीची पानं देतात. नागोजीरावांनी खिशातून चार पानं काढून माझ्या हातावर ठेवली आणि जरा वाकले. मी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मला शरमेने मेल्यासारखं झालं. आता सांगायचं असं मी ठरवलं. वाक्य तयार केलं, ओठांपर्यंत आणलं.

तेवढ्यात तेच बोलले. नदीकडे बघत, तुटक तुटक. "एकेचाळीस रात्री बसलो सर मी. थंडी असायची. दर वेळी बटण दाबताना वहिनींचं नाव घेतलो. फोटो आला नाही, परवागिल्ला. ते बसणं खोटं नव्हतं म्हणून मी समजतो. काय म्हणता?"

परवागिल्ला म्हणजे असू दे, काही हरकत नाही. इकडे तो शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो, रिक्षावाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत. तो इतका जड लागू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्या एकेचाळीस रात्री एवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं, आणि मी तोंड उघडलं असतं तर तेही गेलं असतं. निदान मी स्वतःला असं समजावलं. भित्र्या माणसाला दया दाखवण्याची कारणं चटकन सुचतात.

"नाही, खोटं नव्हतं," मी म्हणालो. आम्ही शेवटच्या बसने परत आलो.

कराड

निघताना रेणुकाबाईंनी माझ्या हातात एक पुरचुंडी दिली. तो हिरवा खण होता, सुधाच्या ओटीसाठी घेतलेला, आणि त्यात तिन्ही काचा. दुर्बीण शाळेत जाईल, पण काचा तुमच्याकडे असू देत, वहिनींच्या फोटोजवळ ठेवा, असं त्या म्हणाल्या. त्यांनी त्या पुन्हा एकदा पुसल्या होत्या. रंगीत चित्र पुरं झालं की मोठं करून पाठवा, बंगळूरच्या घरात लावू, असंही म्हणाल्या. मी हो म्हणालो. हो म्हणणं मला चांगलं जमतं.

स्टेशनवर नागोजीरावांनी विचारलं, की या प्रवासावर तुम्ही काही लिहिणार का? भूगोलाच्या मास्तरांनी लिहायलाच पाहिजे म्हणाले. छापून आलं की मला पाठवा. घरात मराठी वाचणारं कुणी नाही, पण छापलेलं असलं तर मी अक्षर अक्षर लावून वाचीन, वेळ लागला तर लागू दे, बंगळूरला मला दुसरं काम काय असणार.

घरी येऊन मला सव्वा महिना झाला. दिवाळी झाली. ते लोक सरस्वतीपुरम सोडून गेले. मृग आता संध्याकाळ सरली की पूर्वेला वर येतो, आणि त्याच्या शेजारी ते फूल असतं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. सुधाची दुर्बीण तिने सांगितल्याप्रमाणे कॉलेजला दिली. लॅपटॉपमध्ये तिचा हायड्रोजन आहे, तिचा गंधक आहे, आणि नागोजीरावांचा दुसरा हायड्रोजन आहे. या तिघांचं काहीही होऊ शकत नाही. मी रोज उघडून बघतो आणि बंद करतो. काचा तिच्या फोटोजवळ आहेत. एकदा तिन्ही खिडकीशी धरून बघितल्या. दोन लाल, एक हिरवीनिळी. शाळेतल्या पोरालाही ओळखता आली असती.

हे छापून येईल तेव्हा मी बंगळूरला पाठवीन. हे सगळं त्यांना वाचता येणार नाही आणि कुणाकडून ते वाचून घेतील असंही नाही. म्हणून शेवटच्या ओळी मी त्यांच्यासाठी लिहिल्या आहेत, एकमेकांच्या खांद्यावर न बसणाऱ्या सुट्या अक्षरांत. पाच दिवस तोंडाने जमलं नाही ते असं करतोय, याची मला लाज वाटते.

नागोजीराव, सुधाला आधीच समजलं होतं. काचा तपासायला सांगा, असं ती मला बोलली होती. मी फोन केला नाही. वहीत ती ओळ होती. ती मी वाचून दाखवली नाही. रेणुकाबाईंचा यात काही दोष नाही. पहिला हिवाळा चुकून गेला. दुसरा मी घालवला.